शाळेतले चौदा दिवस, वसतिगृहातले दहा : दोन विलगीकरण केंद्रांचे परीक्षण

महासाथीच्या काळात मी दोनदा घराबाहेरच्या केंद्रात राहिलो. पहिल्यांदा मे २०२० मध्ये, मुंबईहून सिंधुदुर्गातल्या आमच्या गावी आल्यावर, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत चौदा दिवस. आणि दुसऱ्यांदा मे २०२१ च्या अखेरीस, मला स्वतःलाच कोरोना झाल्यावर, तालुक्याच्या ठिकाणी एका वसतिगृहात उघडलेल्या कोविड केअर सेंटरमध्ये दहा दिवस. हॉटेलांची आणि दवाखान्यांची परीक्षणे लोक आवर्जून लिहितात. या केंद्रांबद्दल मात्र त्या वेळी एक तर संतापाने लिहिले गेले किंवा सत्काराच्या भाषेत. तिथे काय मिळाले, काय मिळाले नाही आणि काय सहज मिळू शकले असते, हे राहून आलेल्या माणसाने सविस्तर सांगितलेले माझ्या फारसे वाचनात आले नाही. पुन्हा कधी अशी वेळ आली तर केंद्र उघडणाऱ्या एखाद्या ग्रामपंचायतीला उपयोग व्हावा, एवढ्यासाठी हे लिहीत आहे. गावाचे आणि दोन्ही संस्थांचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्या उणिवा सांगणार आहे त्या त्यांच्या एकट्याच्या नव्हत्या.

आधी दोन शब्दांचा उलगडा करतो, कारण पुढच्या बऱ्याच गोष्टी त्यावर अवलंबून आहेत. जो माणूस आजारी नाही, पण रोगाच्या संपर्कात आला असण्याची शक्यता आहे, त्याला काही दिवस वेगळे ठेवणे म्हणजे अलगीकरण. आणि ज्याला रोग झाल्याचे निश्चित झाले आहे त्याला वेगळे ठेवणे म्हणजे विलगीकरण. बोलण्यात, बातम्यांत आणि सरकारी पत्रकांतही दोन्हींना सरसकट विलगीकरण म्हटले गेले, त्यामुळे दोन्ही ठिकाणी व्यवस्था सारखीच लागते असा समज पसरला. वास्तविक ती अगदी वेगळी लागते. बाधा निश्चित झालेले दहा रुग्ण एका दालनात राहू शकतात. नुसता संशय असलेल्या दहा जणांना मात्र एकमेकांपासूनही जपावे लागते, कारण त्यांच्यातला एखादाच बाधित असेल तर उरलेल्या नऊ जणांना तो केंद्रातच बाधित करू शकतो. आमची शाळा अलगीकरणाची जागा होती आणि वसतिगृह विलगीकरणाचे.

शाळेत आम्ही अकरा जण होतो : मी, माझी पत्नी, लहान मुलासह आलेले एक जोडपे, एक वृद्ध गृहस्थ आणि त्यांची सून, मुंबईत हॉटेलात काम करणारे दोन तरुण आणि एका कारखान्यातले दोन कामगार. ई-पास काढून, खासगी गाडीने, खारेपाटणच्या तपासणी नाक्यावर रांगेत थांबून, ताप मोजून आणि हातावर शिक्का मारून घेऊन आम्ही गावात पोहोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. आमचे घर शाळेपासून दिसते. त्या घरात माझे ऐंशी वर्षांचे चुलते राहत होते आणि घराला शौचालय एकच होते, त्यामुळे तिथे जायचा प्रश्नच नव्हता. लालबागच्या चाळीत आयुष्य काढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. गॅलरीच्या टोकाच्या सामाईक संडासाला मजल्यावरची सगळी बिऱ्हाडे जातात, तिथे ‘घरीच वेगळे राहा’ या सूचनेला काही अर्थ उरत नाही. धारावीत १ एप्रिल २०२० रोजी पहिला रुग्ण सापडल्यानंतर महापालिकेने शाळा, सभागृहे आणि क्रीडासंकुल ताब्यात घेऊन माणसांना तिथे हलवले ते याच कारणाने. दहा बाय दहाच्या खोलीत आठ-आठ जण राहतात आणि बहुतेकांची भिस्त सार्वजनिक शौचालयावर असते, अशा वस्तीत घराबाहेरची जागा हाच उपाय होता, आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचे नाव उदाहरण म्हणून घेतले.

शाळेच्या दारात पोहोचलो तेव्हा सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक आणि आशाताई असे चौघे अंतर राखून उभे होते. सरपंच म्हणाले, ‘तुमी हय ऱ्हवतास ता गावासाठी. काय व्हया ता हक्कान मागा.’ पुढच्या चौदा दिवसांत ज्या गैरसोयी झाल्या त्या सगळ्या या एका वाक्यामुळे सोसण्याजोग्या झाल्या, असे मी पूर्ण विचारांती लिहितो. केंद्रात राहणारा निरोगी माणूस स्वतःसाठी तिथे राहत नसतो. बाहेरच्यांच्या जिवासाठी तो आपले चौदा दिवस देत असतो, आणि म्हणून देणे बाहेरच्यांकडे लागते. हे ज्या गावांनी ओळखले तिथली केंद्रे चालली. जिथे मुंबईहून आलेला माणूस म्हणजे रोग घेऊन आलेला अपराधी असे धरले गेले, तिथे लोक रात्री पाणंदीने लपून घरी गेले आणि केंद्र उघडण्याचा हेतूच बुडाला.

आता जागेविषयी. तीन वर्गखोल्या, पुढे लांब पडवी, कौलारू छप्पर, हवा खेळती. बाके एकाला एक जोडून खाटा केल्या होत्या. त्यांवर घरून आलेली चटई आणि गोधडी. दोन पंखे चालू, एक बंद. मे महिन्याच्या उकाड्यात वीज गेली की पडवीत झोपावे लागे, आणि डासांसाठी मच्छरदाण्या चौथ्या दिवशी आल्या. याबद्दल माझी तक्रार नाही. गावात सगळेच तसे झोपत होते.

तक्रार शौचालयाबद्दल आहे, आणि इथे मी थोडा थांबणार आहे, कारण माझ्या मते कुठल्याही केंद्राचा निकाल तिथेच लागतो. शाळेला तीन संडास होते, त्यांपैकी एक तुंबलेला. उरलेले दोन लहान मुलांच्या मापाचे, दारांना कड्या खालच्या बाजूला, आत दिवा नाही. शाळेच्या टाकीत नळयोजनेचे पाणी एक दिवसाआड येई आणि अकरा माणसांना ते पुरत नसे, म्हणून वाडीतले तरुण टेम्पोतून पिंप भरून आणत आणि फाटकाबाहेर ठेवून लांब उभे राहत. न्हाणीघर नव्हतेच. शाळेच्या मागे माडाच्या झावळ्या आणि निळी ताडपत्री बांधून एक आडोसा केला होता, त्याला वर छप्पर नव्हते आणि बाजूच्या उंच बांधावरून आतले दिसत असे. तिन्ही महिला पहाटे उजाडण्यापूर्वी, एकमेकींना राखण करीत अंघोळ उरकत. रात्री पडवीपासून संडासापर्यंत तीस-पस्तीस पावले अंधारात जायचे, आणि आमच्याकडे मे-जूनमध्ये फुरशांचे भय काल्पनिक नसते. तिसऱ्या दिवशी माझ्या पत्नीने संध्याकाळनंतर पाणी पिणे बंद केल्याचे माझ्या लक्षात आले. तिला मधुमेह आहे. रात्री उठावे लागू नये म्हणून ती तहान मारत होती. मी त्याच सकाळी आशाताईंना सांगितले आणि संध्याकाळी वायर ओढून वाटेवर आणि संडासात एकेक दिवा लागला. इतके सोपे होते ते. केंद्र उघडण्यापूर्वी एखाद्या बाईला तिथे एक रात्र काढायला सांगून नंतर तिचे म्हणणे विचारले असते, तर तो दिवा पहिल्याच दिवशी लागला असता.

जेवणाची व्यवस्था उत्तम होती. ज्यांची घरे गावात होती त्यांचे डबे घरून येत. आणणारा डबा गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, ठेवून मागे सरके आणि मग आम्ही तो उचलत असू. रिकामे डबे आम्ही धुऊन उन्हात ठेवायचे, घरी ते पुन्हा उकळत्या पाण्यातून काढायचे, असा शिरस्ता होता. हॉटेलातल्या दोन तरुणांचे घर बंद होते. त्यांच्यासाठी महिला बचत गटाने सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि दोन वेळचे जेवण पाठवले, आणि कुणाकडून त्याचे पैसे घेतले नाहीत. आंबे-फणसांचे दिवस असल्यामुळे फळांना तोटा नव्हता. पत्नीच्या गोळ्या सहाव्या दिवशी संपल्या, त्या आशाताईंनी तालुक्याहून मागवून दिल्या. या आशांना तेव्हा जे मानधन मिळत होते त्यात त्यांच्या पायपिटीचाही मोबदला होत नव्हता. पुढे जून २०२१ मध्ये मानधनवाढीसाठी राज्यभरातल्या आशा संपावर गेल्या तेव्हा मला त्याचे मुळीच आश्चर्य वाटले नाही.

सर्वांत गंभीर चूक झाली ती नवव्या दिवशी. त्या दिवशी मुंबईहून आणखी चौघे आले आणि जागा नाही म्हणून त्यांना आमच्याच खोल्यांत घालण्याचे ठरले. वर सांगितलेला शब्दांचा घोळ इथे अंगावर आला. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुतेकांना पाच-सहा दिवस आणि काहींना चौदा दिवसांपर्यंत लागतात, म्हणून तर चौदा दिवसांची मुदत. नऊ दिवस काढलेल्या माणसाच्या शेजारी आज आलेला माणूस झोपवला, तर पहिल्याचे नऊ दिवस पुसले गेले असेच धरावे लागते. शिवाय आमच्यातल्या एका तरुणाला सातव्या दिवशी खोकला लागला होता, त्याला ग्रामीण रुग्णालयात नेऊन घशातला स्राव घेतला होता, आणि तो नमुना मिरजेला गेल्यामुळे अहवाल अजून यायचा होता. म्हणजे आमच्यापासून नव्या माणसांनाही धोका होताच. आम्ही सगळ्यांनी मिळून एक पत्र लिहिले आणि डब्यांच्या जागी गडग्यावर ठेवले. त्यात रागाचा एक शब्द नव्हता. फक्त कोण कोणत्या तारखेला आला आणि कुणाची मुदत कधी संपते याचा तक्ता होता. दोन तासांत उत्तर आले. अंगणवाडीची इमारत उघडून झाडून घेतली गेली आणि नवी तुकडी तिकडे गेली. केंद्र चालवणाऱ्या गावच्या समितीने चूक केली, पण सांगितल्यावर ती मान खाली न घालता, आवाज न चढवता दुरुस्त केली, आणि ही गोष्ट मी तिच्या बाजूने मोठ्या अक्षरांत नोंदवतो. ज्याला केंद्र चालवायचे आहे त्याने खोल्यांची वाटणी घराण्यांनुसार किंवा ओळखीनुसार करू नये, आल्या तारखेनुसार करावी, आणि एकाच तारखेच्या माणसांनाही शक्य तितके अंतर द्यावे.

त्या तरुणाचा अहवाल चार दिवसांनी आला. त्याला बाधा नव्हती. ते चार दिवस त्याला कोपऱ्यातल्या खोलीत एकटे ठेवले होते. पहिले दोन दिवस त्याच्याशी कुणी बोलले नाही, त्यात मीही होतो, आणि याची मला आजही खंत वाटते. तिसऱ्या दिवसापासून वृद्ध गृहस्थ पडवीच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची टाकून त्याच्याशी मोठ्याने गप्पा मारू लागले. त्यांच्या आजीने प्लेगच्या साथीत गाव सोडून माळावर खोपटी बांधून काढलेल्या दिवसांच्या त्या गोष्टी होत्या. वेगळे राहणे आपल्या लोकांना नवे नाही, हे मला त्या गोष्टींतून जाणवले; नकोसे वाटते ते जबरदस्तीने, अपमानाने वेगळे काढले जाणे. १८९७ साली पुण्यात घरांत शिपाई घुसवून माणसे छावण्यांत नेली गेली त्याचा शेवट २२ जूनला रँडवर गोळ्या झाडण्यात झाला. त्याच साथीत, त्याच वर्षी, सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना प्लेगने गेल्या. साथरोग अधिनियमही १८९७ चाच, आणि २०२० मध्ये आपल्या राज्यात लागू झाला तो तोच. कायदा एकच असला तरी तो घेऊन दाराशी कोण येतो आणि कसा बोलतो, यावर सगळे ठरते.

चौदाव्या दिवशी आम्ही घरी गेलो.

वर्षभराने, तौक्ते वादळानंतर आमच्या वाडीची वीज नुकतीच परत आली होती तेव्हा, मला ताप आला आणि चाचणीत बाधा निघाली. २५ मे २०२१ च्या सुमारास राज्य सरकारने जास्त प्रादुर्भाव असलेल्या १८ जिल्ह्यांत गृहविलगीकरण बंद केले होते आणि सिंधुदुर्ग त्यात होता. त्यामुळे सौम्य लक्षणे असूनही मला वसतिगृहातल्या केंद्रात जावे लागले. हा निर्णय योग्य होता असे माझे मत आहे. दुसऱ्या लाटेत गावागावांत घरातला एक बाधित झाला की आठवड्याभरात सगळे घर आडवे होत होते.

वैद्यकीय बाजू इथे शाळेपेक्षा पुष्कळ सरस होती. रोज डॉक्टरांची फेरी होई, सकाळ-संध्याकाळ बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा नोंदवला जाई, आणि सहा मिनिटे चालायला लावून तो पुन्हा पाहिला जाई, कारण बसून असताना ठीक दिसणारा ऑक्सिजन चालल्यावर घसरला तर ती धोक्याची खूण असते. आकडा ९४ च्या खाली गेला की रुग्णाला ऑक्सिजनची सोय असलेल्या वरच्या रुग्णालयात हलवायचे, हा नियम काटेकोर पाळला गेला. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना सहाव्या रात्री असेच हलवले, आणि ते वेळेवर हलवले गेले म्हणून वाचले, हे त्यांनीच नंतर फोनवर सांगितले. परिचारिका आणि सफाई कामगार त्या घामाच्या दिवसांत पीपीई किट घालून तासन्‌तास वावरत होते. त्यांच्याबद्दल माझ्या मनात केवळ कृतज्ञता आहे. शौचालये प्रौढांच्या मापाची, दिव्याची आणि दिवसातून दोनदा धुतलेली होती.

तरीही वसतिगृहातले दहा दिवस मला शाळेतल्या चौदांपेक्षा लांब वाटले, आणि त्याचे कारण मी बराच विचार करून शोधले. तिथे आम्हाला काहीच सांगितले जात नसे. डॉक्टर कधी येणार, रक्ताचा अहवाल कुणाकडे आहे, शेजारच्या खाटेवरचा माणूस रात्री कुठे गेला, मला घरी कधी सोडणार, या प्रश्नांना ‘बघू’ आणि ‘सांगू’ एवढीच उत्तरे होती. शेजारी रात्री दोन वाजता नेले गेले आणि सकाळी त्यांची खाट रिकामी दिसली, तेव्हा खोलीतल्या सात जणांनी मनात काय धरले असेल याची कल्पना कुणीही करू शकेल. ‘त्यांना ऑक्सिजनसाठी हलवले आहे, शुद्धीवर आहेत’ हे एक वाक्य बोलायला दहा सेकंद लागली असती. लक्षणे सुरू होऊन दहा दिवस झाले आणि शेवटचे तीन दिवस ताप नसला की सौम्य रुग्णाला पुन्हा चाचणी न करता सोडायचे, हा नियम मला एका परिचारिकेकडून आठव्या दिवशी कळला. तो पहिल्या दिवशी भिंतीवर लिहिलेला असता, तर सगळ्यांनी तारखा मोजल्या असत्या आणि कर्मचाऱ्यांना दिवसातून पन्नास वेळा तोच प्रश्न ऐकावा लागला नसता. जेवण पाकिटातून, गार आणि बहुधा उशिरा येई. पण माझा जेवणावर राग नाही. सुटीच्या दिवशी सही करणारे अधिकारी नसल्यामुळे चार बरे झालेले रुग्ण एक दिवस जास्त अडकून पडले, आणि त्याच दिवशी बाहेर नवे रुग्ण खाटेची वाट पाहत गाडीत बसून होते, याचा मात्र आहे.

शाळेत याच्या उलट होते. तिथे एक साधी वही होती. आशाताई सकाळी नऊला येत, प्रत्येकाचा ताप आणि तक्रार त्या वहीत लिहीत, आणि वही दिवसभर पडवीतल्या टेबलावर उघडी असे. कुणाची मुदत कधी संपते, पाण्याचा टेम्पो कधी येणार, कुणी काय मागितले आणि ते आले का, सगळे त्यात. शाळेत औषध नव्हते, डॉक्टर नव्हता, ऑक्सिमीटर नव्हता. उद्या काय होणार हे मात्र रोज कळत होते. आणि त्या वहीतल्या ताप-तक्रारींचे पान मात्र सर्वांसमोर उघडे नको होते, हेही सांगायला हवे. कुणाला जुलाब झाले हे अकरा जणांनी वाचण्याचे कारण नाही. ती नोंद वेगळी आणि मिटलेली असावी.

तारे द्यायचे झाले तर शाळेला पाचांपैकी साडेतीन आणि वसतिगृहाला साडेतीनच देईन, पण ते वेगवेगळ्या गोष्टींसाठी. आजारी माणसाने वसतिगृहासारख्याच ठिकाणी जावे, शाळेत मुळीच राहू नये. निरोगी माणसाला चौदा दिवस काढायला मात्र शाळेसारखी, घरापासून हाकेच्या अंतरावरची जागा शंभर पटींनी बरी. दोन्हींना एकमेकांकडून घेण्यासारखे होते आणि त्याला फार पैसा लागणार नव्हता.

ऑगस्ट २०२० मध्ये, गणपतीसाठी येणाऱ्यांना दहा दिवसांची मुदत ठरली तेव्हा, शाळेतली समिती पुन्हा कामाला लागली. त्या वेळी मी फाटकाच्या बाहेरच्या बाजूला होतो. पाण्याच्या पिंपांवर आणि तारखांच्या तक्त्यावर माझी नेमणूक होती. आमच्या वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही अकरा जणांनी सुचवलेल्या गोष्टी लिहून ठेवल्या होत्या : दोन संडासांची दारे, कड्या वरच्या बाजूला, वाटेवर कायमचा दिवा, आणि बायकांसाठी पक्के, छपराचे न्हाणीघर. पहिल्या तीन गोष्टी गणपतीपूर्वी झाल्या. न्हाणीघर पुढच्या उन्हाळ्यात झाले, जांभ्या चिऱ्यांचे, आतून कडी असलेले. शाळा भरू लागल्यावर मुख्याध्यापिकांनी त्याला मोरी आणि नळ जोडून घेतला, आणि आता वरच्या वर्गातल्या मुली ते वापरतात.